चार फुटांचं अंगण

गुढीपाडव्याला अजून चार-पाच दिवस आहेत. सकाळचे सहा वाजले असतील. घराचं दार उघडा आणि आतल्या बाजूला, उंबरठ्याशी, पाट घेऊन बसा. घरातली माणसं उठलेली नाहीत. दूधवाला येऊन गेलाय. आज काही आवरायचं नाही, काही बदलायचं नाही. थोडा वेळ नुसतं बघायचं.

समोर कोटा लादीचा जिना. शेजाऱ्यांचा चपलांचा रॅक. मीटरच्या पेट्या. जाळीतून येणारा उजेड, त्यात तरंगणारी धूळ. तुमच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत जेमतेम चार फूट जागा.

आता वर बघा. दसऱ्याला बांधलेलं तोरण अजून तिथंच आहे. पानं तपकिरी होऊन कडांनी आत वळलीत, झेंडू आवळून सुपारीएवढे झालेत. गेले पाच-सहा महिने रोज त्याच्याखालून ये-जा झाली, आणि ते नेमकं कधी वाळलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. उठा, स्टूल घ्या आणि ते सावकाश सोडवा. कात्री नको. गाठी बोटांनीच सोडवा, वेळ लागला तर लागू दे. या गाठी मारल्या त्या सकाळी घरात कोण कोण होतं? सुतळीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? ते माणूस आज इथं असेल, परदेशी असेल, किंवा नसेलही. त्याची आठवण येईपर्यंत स्टुलावरून उतरू नका.

वाळलेली पानं कुंडीतल्या मातीवर चुरून टाका. सुतळी गुंडाळून ठेवा, ती अजून मजबूत आहे.

नंतरचे दोन दिवस साफसफाईचे. त्याबद्दल मी फार सांगत नाही, जळमटं कशी काढायची ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. एवढंच करा, की एका दिवशी एकच कोपरा घ्या आणि तो पुसून झाल्यावर त्याच्यासमोर मिनिटभर थांबा. रिकामा कोपरा आपल्याला फारसा बघायला मिळत नाही. लगेच तिथं काहीतरी ठेवायची घाई होते. ती घाई आली की ओळखा, आणि जाऊ द्या.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आंब्याची डहाळी आणा. स्टेशनबाहेर, बाजारात, फूलवाल्यांकडे ढीग लागलेले असतात. सोसायटीत आंब्याचं झाड असेल तर आधी त्याच्याखाली जरा उभे राहा. या दिवसांत आंब्याला नवी पालवी असते, तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. ती तोडायची नाही. तोरणाला गेल्या वर्षीची, गर्द हिरवी, जाड पानं लागतात. कोवळं पान दुपारपर्यंत मान टाकतं, जून पान दिवसचे दिवस ताठ राहतं.

घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसा, आधी वरून, मग खालून. फडकं काळं होईल. आपल्याकडच्या रस्त्यांची, डोंगर पोखरणाऱ्या खाणींची, नव्या इमारतींची ही धूळ. हेच पान वर्षभर ती अंगावर घेत होतं. पुसलेलं पान उजेडात धरा. मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, कडेची हलकी लाट. एका पानाला एक श्वास, एवढा वेळ पुरे.

आता सुतळी ताणा. पान तिच्यावर ठेवा, देठाकडचा भाग मागे दुमडा आणि खराट्याच्या हिराचा बोटभर तुकडा टाचणीसारखा खोचा. पहिली दोन-तीन पानं तिरकी बसतील. मग बोटांना जमायला लागेल, आणि जमलं की डोकं भलतीकडे धावायला लागेल. राहिलेली बिलं, उद्याचा स्वयंपाक, कुणाचा तरी न आलेला फोन. धावू द्या. हीर बोटाला टोचला की मन आपोआप परत पानावर येतं. दोन पानांमध्ये एक झेंडू ओवा. झेंडूचा वास बोटांना लागेल आणि रात्री जेवतानाही राहील.

बाजारात प्लॅस्टिकची तोरणं मिळतात, मण्यांची, लोकरीचीही. घरातल्या कुणी एकेक टाका घालून विणलेलं लोकरीचं तोरण असेल तर ते जिवापाड जपावं. प्लॅस्टिकचं मात्र मला नको वाटतं. त्याला पाडवा काय आणि दसरा काय, सगळे दिवस सारखेच.

पाडवा होतो. काठी, खण, कडुलिंब, साखरेची गाठी, उपडा तांब्या. खिडकीच्या ग्रिलला बांधलेल्या गुढ्या आपल्या नवी मुंबईत नेरुळपासून ऐरोलीपर्यंत इमारतीगणिक दिसतात. संध्याकाळी गुढी उतरते. तेव्हा हळहळू नका, कारण घर सजवायचा खरा महिना अजून पुढे आहे.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरी राहते. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, हळदीकुंकू हे आपल्याला आठवतं. दाराबाहेर तिच्यासाठी रोज काढायची रांगोळी मात्र आपण विसरत चाललोय. तिचं नाव चैत्रांगण.

हा शब्द एकदा सावकाश उच्चारा. त्यात चैत्र आहे आणि अंगण आहे. चैत्र तर आलाच आहे. कोकिळ पहाटे चारपासून ओरडतोय, पांगारा लाल झालाय, खाडीतले रोहित पक्षी अजून मुक्कामाला आहेत. अंगण कुठे आहे?

या प्रश्नापाशी थोडं थांबा, कारण आपलं शहर मुळात कागदावर काढलेलं आहे. १९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, अभियंता शिरीष पटेल आणि वास्तुविशारद प्रवीणा मेहता यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ज्या जमिनीवर हा नकाशा अंथरला गेला, तिथं ९५ गावं होती. भातशेती, खाजणं, मिठागरं, आणि आगरी-कोळ्यांच्या घरांपुढे सारवलेली अंगणं. त्या अंगणांत भात वाळलं, जाळी दुरुस्त झाली, हळदी लागल्या. आपण सेक्टर सांगतो, इमारत सांगतो, मजला सांगतो. ज्या जमिनीवर बसलो आहोत तिच्या खाली कुणाचं तरी अंगण असेल, हे मनात येऊ द्या. आलं तर लगेच दूर सारू नका.

कोरियांनाही अंगणाची ओढ होती. १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला त्यांच्या आराखड्यानुसार जी वसाहत उभी राहिली, तिला आज आपण आर्टिस्ट व्हिलेज म्हणतो. सात घरांमध्ये मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद असं एक अंगण, आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांना बारा मीटरचा आणखी एक मोकळा चौक. घरं छोटी ठेवली, पण प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र तुकड्यावर, म्हणजे माणसाला पुढे ते वाढवता यावं. अनेक घरं नंतर पार बदलली, काही पाडून नवी बांधली गेली. तरी कधी त्या गल्ल्यांतून चालून बघा. पाय आपोआप हळू पडतात.

आपल्या वाट्याला मात्र चार फूट आलेत. तर मग त्या चार फुटांतच बसा.

लादी ओल्या फडक्यानं पुसा. गेरू कालवून हातभर लांब-रुंद चौकोन सारवा. जिन्यात सारवणं जमणार नसेल तर पाटावर गेरू लावा, गौर रागावणार नाही. गेरू वाळेपर्यंत काहीच करायचं नाही. रंग आधी गडद असतो, मग कडेकडून फिका होत मध्ये येतो. तेवढं बघत राहा.

आता शिरगोळ्याची पांढरी रांगोळी चिमटीत घ्या. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलके घासली की रेघ सुटते. दाबून धरलं तर तुटते. खांदा सैल सोडा. मध्ये दोन उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, हा झोपाळा. त्यात गौर. तिचं तोंड नीट जमलं नाही तर दोन टिंबं पुरेत. एका बाजूला सूर्य, दुसरीकडे चंद्र. मग शंख, चक्र, कमळ, नाग, कासव, हत्ती, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, गुढी. एकावन्न शुभचिन्हं असावीत असं म्हणायची पद्धत आहे, पण प्रत्येक घराची यादी वेगळी. माझी आई पंधरा-सोळा काढायची आणि शेवटी, न चुकता, फणी, करंडा आणि आरसा. लहानपणी मला वाटायचं, सूर्याशेजारी फणी कशाला? तिच्या रांगोळीत फणी सूर्याएवढीच मोठी असायची. माहेरी आलेल्या मुलीला सूर्यही लागतो आणि केस विंचरायला फणीही लागते, हे मला फार उशिरा समजलं.

तुमच्या घरात जी कुणी दमून येते, तिला काय लागतं? तेही काढा. चहाचा कप काढलात तरी चालेल. एक चिन्ह तिच्यासाठी.

काढून झालं की हात धुऊ नका. बोटांवरची पांढरी पूड तशीच राहू द्या आणि दाराआत, पहिल्या दिवशीच्या जागी येऊन बसा. वर हिरवं तोरण आहे, खाली गेरूचा चौकोन. जिना झाडायला येणाऱ्या ताई केरसुणी बाजूनं वळवून नेतील. शेजारचं मूल उडी मारून जाईल आणि मागे वळून बघेल. समोरचं दार उघडेल आणि कुणीतरी उंबरठ्यातच थबकेल. तुम्हाला काही बोलायची गरज नाही.

दुपारी खाडीवरून वारा सुटतो. खिडकीच्या जाळीतून तो जिन्यात येईल आणि कासवाचा एक पाय पुसून नेईल. राहू द्या. उद्या सकाळी दार उघडल्यावर, चहाच्या आधी, चिमूटभर रांगोळी घ्यायची आणि तो पाय पुन्हा काढायचा.