खूण कुणी करायची?

दात घास, डबा घे, बूट घाल. शाळेच्या वेळेला घरोघरी ही सरबत्ती चालूच असते. स्वमग्न मुलाच्या घरी ती जरा जास्तच, आणि तीही मायेपोटी. पण होतं असं की मूल दात घासायला शिकतं आणि तरीही कुणी ‘घास’ म्हणेपर्यंत ब्रश धरून उभं राहतं. आपली सूचनाच त्याच्या कामाचा एक भाग होऊन बसते.

म्हणून जाणते विशेष शिक्षक तोंडी सूचना बेतानेच देतात. ते भिंतीवर ओळीने चित्रं लावतात: ब्रश, बादली, गणवेश, डबा, दप्तर. काम झालं की मुलाने ते चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या खोक्यात टाकायचं. अडलंच तर मागे उभं राहून कोपराला नुसतं बोट लावायचं, आणि हळूहळू तेही थांबवायचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या, स्वमग्न मुलांसाठीच्या ‘टीच’ कार्यक्रमाने अशा चित्रमांडणीला मोठा आधार दिला.

खरी कसोटी यापुढे लागते. काम झालं की नाही, हे ठरवायचं कुणी? स्वव्यवस्थापन शिकवताना पेन्सिल मुलाच्या हाती द्यावी लागते. बाकावर छोटा तक्ता असतो: ‘अडलं तेव्हा मदत मागितली का?’ हो की नाही, ही खूण मुलानेच करायची. सुरुवातीला शिक्षकही आपल्या कागदावर खूण करतात आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघतात. खुणा जुळल्या की शाबासकी. ‘नाही’वरची खूण खरी असेल, तरीही शाबासकी. मला या पद्धतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. स्वतःकडे न घाबरता, खरेपणाने बघायची सवय आपल्यापैकी कितीजणांना कुणी लावली?

मात्र तक्त्यावर काय घालायचं, याचा विचार मोठ्यांनी नीट करायला हवा. हात फडफडवल्याने मुलाला शांत वाटत असेल आणि त्यात कुणाला इजा होत नसेल, तर केवळ चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून ‘हात स्थिर ठेवले’ असा रकाना आखणं मला अन्यायाचं वाटतं. त्यापेक्षा ‘गोंगाट सहन होईना, तेव्हा ‘बाहेर जायचंय’चं कार्ड दाखवून बाहेर गेलो’ हा रकाना हवा. आणि रकाने ठरवताना मुलालाही विचारावं; बोलत नसेल, तर चित्रं समोर ठेवून त्याला निवडू द्यावं.