बाळगणे

आपल्या भाषेत 'बाळगणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण धीर बाळगतो, मौन बाळगतो, भीती बाळगतो, वैर बाळगतो आणि शस्त्रही बाळगतो. चार गोष्टी मनातल्या, पाचवी तेवढी लोखंडाची. पण भाषेने तिलाही त्याच पंगतीला बसविले आहे. (फराळाच्या ताटाशेजारी बंदुकीचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. अंगणात टिकल्यांचे पिस्तूल वाजतेच आहे.)

न्यायालयानेही हेच मानले. नकळत कोणी तुमच्या घरात पिस्तूल ठेवून गेला, तर तुम्ही ते 'बाळगले' असे होत नाही. त्याची जाणीव हवी. उलट, बंदूक दुसऱ्याच्या घरी असली तरी तिच्यावर तुमची सत्ता चालत असेल, तर ती तुमच्याच ताब्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले.

पण ज्याने जाणूनबुजून बाळगले आणि कधी वापरले नाही, त्याचे काय?

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात नट संजय दत्त याच्यावर एके-५६ रायफल आणि पिस्तूल बेकायदा बाळगल्याचा आरोप होता. दंगलीच्या दिवसांत घरच्यांच्या जिवाची धास्ती होती, असे त्याचे म्हणणे. २००६ साली विशेष न्यायालयाने त्याला दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले, शस्त्र कायद्याखाली मात्र दोषी ठरविले. पुढच्या वर्षी सहा वर्षांची शिक्षा झाली; सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती पाच वर्षांवर आणली. २०१६ साली तो येरवड्याहून सुटला. तेव्हा लोक हळहळले : बिचाऱ्याने मारले कोणाला?

ती भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. पण त्याच जानेवारीत मुंबईतल्या हजारो बिऱ्हाडांनी दाराला कडी लावून, आतून पेटी सरकवून रात्री काढल्या. भीती त्यांनाही होती, ओळखी नव्हत्या. रायफल नुसत्या भीतीने मिळत नाही, ती आणून देणारा हात लागतो. आणि इथे तो हात स्फोटाच्या कटात गुंतलेल्यांचा निघाला. शिवाय, माझ्या कपाटातले हत्यार भीतीपोटी आहे की वैरापोटी, हे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कसे कळावे? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून कायदा 'तुला ठाऊक होते का' एवढे विचारतो. 'का ठेवलेस' याने शिक्षा कमीजास्त होईल, गुन्हा पुसला जाणार नाही. मला हे योग्य वाटते.

इतिहासाच्या तासाला मात्र हे इतके सरळ राहत नाही. १९०९ साली लंडनहून चोरून आणलेल्या पिस्तुलांपैकी एकाने नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला. ती बाळगणाऱ्यांची नावे आम्ही फळ्यावर आदराने लिहितो. मागल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, तेव्हाचे शौर्य आणि आताचा गुन्हा, असे कसे?"

मी सांगितले, १८७८चा शस्त्र कायदा एकाच बाजूचे हात बांधणारा होता. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट असे. १९५९चा कायदा आपणच निवडलेल्या संसदेने केला. लाठी, साधी हातातली काठी यांना त्याने शस्त्रांतून वगळले, एवढा तो समंजस आहे.

"मग परवान्याच्या बंदुकीला शेजारी कमी भितो का?" तिने विचारले.

परवान्यावर नाव असते, ते देण्याआधी कोणी चौकशी केलेली असते, जाब विचारायचा तर कोणाला हे शेजाऱ्याला ठाऊक असते, असे काहीसे मी म्हणालो. ती खाली बसली. पटल्याची खूण मात्र चेहऱ्यावर दिसली नाही.