साठवणीचे पाणी

मनमाड हे दोन गोष्टींसाठी सर्वदूर ओळखले जाते : रेल्वेचे जंक्शन आणि पाण्याची टंचाई. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाला १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग येऊन मिळाला, पुढे निजामाच्या मुलखाकडे जाणारा मार्गही येथूनच निघाला, आणि अंकाई-टंकाईच्या डोंगरांजवळचे हे गाव रात्रंदिवस जागे राहू लागले. परंतु ज्या गावातून एवढी माणसे आणि एवढा माल वाहत गेला, त्या गावाच्या नळाला मात्र पाणी नियमाने वाहिले नाही. वागदर्डी धरणाच्या तुटपुंज्या साठ्यावर विसंबलेल्या मनमाडकरांनी कित्येक वर्षे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणारे पाणी पाहिले आहे. पाण्याचा दिवस उजाडला की हंडे, ड्रम, टाक्या, घरात असेल नसेल ते भांडे भरून घ्यायचे आणि पुढचा पंधरवडा ते पुरवून वापरायचे, ही या गावाची रीत. नळाला रोज पाणी येऊ लागेल, मग संसार मांडू, असे येथे कोणी म्हटले नाही. तसे म्हणणाऱ्याचा संसार कधी मांडलाच गेला नसता.

मात्र मनाच्या बाबतीत आपण अगदी हेच म्हणत असतो. लिहिणारा म्हणतो, ‘जरा स्थिरस्थावर होऊ द्या, मग लिहीन.’ गाणारा म्हणतो, ‘घरातले आजारपण संपू दे.’ चर्चच्या गायनवृंदासाठी चाली बांधणारा एखादा रेल्वे कामगार रात्रपाळी, मुलीच्या लग्नाचे कर्ज आणि वृद्ध आईचे दुखणे यांच्या ओझ्याखाली पेटी मिटून ठेवतो. त्यात त्याचा दोष काय? चिंतेने मन कोरडे पडते, हा सर्वांचा अनुभव आहे. प्रश्न एवढाच, की कोरड्या दिवसांत निर्मितीची उमेद टिकवायची कशी? आणि त्याही आधीचा, अधिक अवघड प्रश्न असा, की अशा दिवसांत ती टिकवणे उचित तरी आहे काय? घरात पाण्याची चणचण असताना कवितेची ओळ घोळवीत बसणे हा स्वार्थ तर नव्हे?

या प्रश्नांची उत्तरे फार दूर शोधावी लागत नाहीत. नाशिकहून रेल्वेने अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) जायचे तर वाट मनमाडवरून. आपल्या नाशिक जिल्ह्यातील जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या आणि पुढे नगरच्या झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य या दोन टोकांमध्ये विणले गेले. बालपणीच विवाह; पती नारायण वामन टिळक प्रतिभावान, पण संसाराच्या बाबतीत बेभरवशाचे. काही अपत्ये अल्पवयातच गेली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. १९१९ साली टिळक वारले, आणि वैधव्यात पोटापाण्यासाठी त्यांना वसतिगृहाची व्यवस्था पाहण्यासारखी कामे करावी लागली. शाळेचे तोंड त्यांनी विद्यार्थिनी म्हणून कधी पाहिले नव्हते. स्वास्थ्य ही निर्मितीची पूर्वअट असती, तर या बाईंच्या हातून एक पानही लिहून झाले नसते.

प्रत्यक्षात काय घडले? पतीने ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरे सोडले होते. त्याचे पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईजवळ आठवणी मागितल्या, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय ६६ होते. दोनच वर्षांनी त्यांनी जगाचा निरोप घेतला. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जाणारा हा ग्रंथ दुःखाने भरलेला आहे, परंतु त्यात रडगाणे नाही. स्वतःच्या फजितीवर खळखळून हसण्याची शक्ती त्यांच्यापाशी होती.

यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. दोन्ही वेळी लक्ष्मीबाई ‘स्फूर्ती’ची वाट पाहत बसल्या नव्हत्या. एकदा पतीचे अपुरे काम समोर होते, एकदा मुलाची मागणी समोर होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीने लेखन ही चैन नव्हती, ते देणे होते. चैन अडचणीच्या दिवसांत सोडून द्यावी लागते आणि सोडणेच शहाणपणाचे असते. देणे मात्र अडचणीतही देणेच राहते. आज दोन पैसे, उद्या दोन पैसे असे ते फेडायचे असते. ज्याला आपली कला हे कोणाचे तरी देणे वाटते, त्याची उमेद मनाच्या भरती-ओहोटीवर अवलंबून राहत नाही.

नाशिकचेच आणखी एक उदाहरण पाहू. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. पाच दिवस! हे ऐकून आपल्याला वाटते, की स्फूर्तीचा झरा अचानक फुटला. परंतु गुरुजींची आई १९१७ सालीच निवर्तली होती. पंधरा-सोळा वर्षे तो साठा अंतःकरणात भरत होता. आदल्याच वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींची गीतेवरील प्रवचने ते दर आठवड्याला टिपून घेत होते. स्वतःचे सुचत नसेल तेव्हा दुसऱ्याचे चांगले ऐकावे, उतरून घ्यावे, पाठ करावे. तीही निर्मितीचीच सेवा आहे. नाशिकचे ते पाच दिवस हा पाण्याचा दिवस होता, भांडी आधीपासून घासून मांडलेली होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या आयुष्याचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु निर्मिती हे प्रत्येक दुःखावरचे औषध आहे, असे सोपे समाधान कोणी देऊ लागला तर ही तारीख आठवावी. मन केवळ थकलेले नसून खचलेले असेल, तर त्या माणसाच्या हाती लेखणी देऊन भागत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते, त्याला वैद्याकडे न्यावे लागते, त्याच्या वाट्याचे काम आपण उचलावे लागते. ‘लिही, म्हणजे बरे वाटेल’ हा उपदेश प्रत्येकाला लागू पडत नाही.

आता तो अवघड प्रश्न, उचिततेचा. त्यासाठी थोडे दूर, गोव्याच्या साष्टी प्रांतात आणि चार शतके मागे जावे लागेल. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय धर्मगुरू व त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती मारले गेले. मागाहून पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार केले. दोन्हीकडून रक्त सांडले. चार वर्षांपूर्वीच गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या भावाला पत्र लिहिले. त्या पत्रात सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकीकत आहे, आणि इथल्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीकशी किती मिळतीजुळती आहे, याचे कुतूहलही आहे. रक्त अजून वाळले नव्हते, आणि हा मनुष्य ज्यांच्याविषयी मनात कटुता यावी त्यांच्या भाषेचे सौंदर्य न्याहाळत होता.

हा निष्काळजीपणा म्हणावा काय? पुढील ३३ वर्षांनी त्याचे उत्तर दिले. १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले : सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. जुनी पुराणे हातून सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांनी वाचायला, गायला काहीतरी मागितले होते. त्या मागणीतून ते जन्मले. प्रशासन, प्रवास, आजारी-दुबळ्यांची सेवा यांतून वेळ काढून एका परक्या माणसाने हे देणे फेडले. संकटात भुकेल्याला भाकर आधी, यात शंका नाही. दारात जखमी असताना ओवी जुळवणारा गुन्हेगारच होय. परंतु जखम बांधून झाल्यावर, रात्री हात मोकळे झाल्यावर, त्या जखमी समाजाला गाणे देणे हीसुद्धा सेवाच आहे. शेजाऱ्याची हाक आली की लेखणी खाली ठेवता येते काय, हीच खरी कसोटी. जी कला अशी खाली ठेवता येते, ती निःशंक मनाने पुन्हा उचलता येते.

लक्ष्मीबाई आणि फादर स्टीफन्स, दोघांच्याही बाबतीत एक धागा समान आहे : कोणीतरी मागितले होते. आपण प्रेरणेला एकट्या माणसाच्या अंतरंगातील वस्तू समजतो आणि ती आटली की त्या एकट्यालाच दोष देतो. परंतु घरातले पाणी एकटा भरत नाही. पाण्याच्या दिवशी आजीपासून नातवापर्यंत सारे घर रांगेत उभे राहते. तसेच येथेही व्हावयास हवे. तणावाच्या दिवसांत कलावंताने स्वतःकडून थोडेच मागावे : रोज अर्धा तास, चार ओळी, एक चाल, नाहीतर निदान एक टिपण. आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून मागत राहावे.

आपल्या घराघरांत देवदत्तांच्या मातेसारख्या आया आहेत. धर्मग्रामाच्या आरंभीच्या दिवसांच्या, दुष्काळाच्या, रेल्वेच्या संपाच्या, सासर-माहेरच्या कहाण्या त्यांच्यापाशी साठून आहेत. त्यांना कोणी विचारलेले नाही. पेटी मिटून ठेवलेल्या त्या भावालाही ‘नाताळसाठी नवे गीत हवे’ असे कोणी म्हटलेले नाही. त्याची रात्रपाळी आपण बदलू शकणार नाही, त्याचे कर्जही फेडू शकणार नाही. परंतु रविवारी मिस्सानंतर त्याच्या आईजवळ दोन तास बसणे आपल्याला जमण्यासारखे आहे. ते करावे, आणि निघताना गीत मागून यावे.