शुद्ध हेतू आणि कुशल हात

आपल्या हातून एखाद्या वस्तूचे नुकसान झाले की आपण चटकन म्हणतो, "माझा हेतू चांगला होता." पण हेतू चांगला असला म्हणजे माणूस दोषमुक्त होतो काय? एका साध्या कामावरून या प्रश्नाचा विचार करू.

समजा, घरातील मुलाने लग्नासाठी शेजाऱ्याचा कॅमेरा मागून आणला. भिंगावर सरबताचा थेंब उडाला व वाळून चिकट डाग पडला. दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून परत द्यावी म्हणून त्याने सदऱ्याच्या टोकाने ती जोराने घासली. डाग गेला, पण भिंगावर ओरखडे उमटले. ओरखडे हेतू पाहून उमटत नाहीत!

त्याला काय ठाऊक नव्हते? कोऱ्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. ते टाळण्यासाठी भिंगावर लेप देतात. १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ही रीत विकसित केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. भिंग तिरके धरले असता दिसणारी जांभळट झाक या लेपाचीच होय. तिलाच डाग समजून घासणे म्हणजे गुणालाच दोष मानणे.

मग करावे काय? प्रथम रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, कारण धुळीतील वाळूचे कणच ओरखडे काढतात. नंतर भिंगाचा खास कागद किंवा स्वच्छ मायक्रोफायबर कापड किंचित ओले करावे. साखरेच्या डागाला ऊर्ध्वपातित पाणी, बोटाच्या तेलकट डागाला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. द्रव भिंगावर ओतू नये. तो कडेने आत शिरतो. ओलसर कापड डागावर क्षणभर टेकवावे, डाग मऊ होऊ द्यावा, मग मधून कडेकडे हलकेच फिरवावे. दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्यावी. डाग निघाला नाही तर पुन्हा ओलावा द्यावा, जोर वाढवू नये. राख, टूथपेस्ट यांना हातही लावू नये.

एवढे करूनही डाग राहिला तर थांबावे. समोरच्या काचेवरचा लहानसा डाग छायाचित्रात बहुधा दिसतही नाही. शेजाऱ्याला खरे सांगावे व भिंग जाणत्या कारागिराकडे न्यावे. हे सांगण्याची लाज वाटते, म्हणूनच तर हात जोराने घासू लागतो! त्या वेळी आपण भिंग नव्हे, आपली लाज पुसत असतो.

डाग उद्याही काढता येईल. घासून गेलेला लेप घरी बसून परत आणता येणार नाही. म्हणून जे परत येत नाही त्याची काळजी आधी घेतली पाहिजे. पालि भाषेत 'कुसल' या एकाच शब्दाचे चांगला आणि निपुण असे दोन्ही अर्थ होतात. चांगले करू इच्छिणाऱ्याने ते कसे करावे हेही शिकले पाहिजे. शिकण्याची तसदी न घेणारा हेतू अर्धाच शुद्ध असतो.