भूगर्भावर अधिकार कोणाचा?

पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने जमिनीत सोडून खडक फोडावयाचा व त्यात कोंडलेला वायू काढावयाचा, या पद्धतीस फ्रॅकिंग म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील डेंटन शहराच्या मतदारांनी २०१४ साली तीस बंदी केली. २०१५ साली राज्याने कायदा करून शहराचा तो अधिकारच काढून घेतला. न्यूयॉर्क राज्यातील ड्रायडन या लहान गावाची बंदी मात्र २०१४ साली न्यायालयात टिकली.

वायूच्या मालकांचा हक्क व कामगारांची रोजी आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु बुडालेला नफा भरून निघू शकतो. नासलेले भूजल सहजासहजी निवळत नाही. म्हणून निर्धोकपणा सिद्ध करण्याचे ओझे खोदणाऱ्यावर असावे, आणि ज्यांच्या उशाशी वायूची विहीर खणली जाते त्यांचा शब्द प्रथम ऐकला जावा.

हा वाद केवळ परक्यांचा नाही. २०१८ साली अमेरिकी वायू घेऊन आलेले जहाज आपल्या दाभोळला लागले. आपल्याकडे जळणारा वायू कोणाच्या अंगणातून निघाला, हे विचारणे व तो जपून वापरणे, एवढे तरी शेजारधर्म म्हणून आपण मान्य केले पाहिजे.