वैषम्याचा प्रश्न आणि जिन्यातली तार

ईश्वर जर सर्वांना समान आहे, तर एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला हालअपेष्टा का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रकारांनी टाळलेला नाही. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील 34 व्या सूत्रात त्यांनी ईश्वरावर येऊ पाहणाऱ्या वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या दोन्ही आरोपांचे निवारण केले आहे. आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी पर्जन्याचा दृष्टांत योजला आहे. पाऊस साळीवर आणि जवावर सारखाच पडतो. एकाची साळ आणि दुसऱ्याचा जव होतो तो बीजाच्या सामर्थ्याने, त्यात पावसाची मर्जी नाही. तद्वत ईश्वर हे सर्वांचे साधारण कारण असून भेद उत्पन्न होतो तो ज्याच्या त्याच्या कर्मामुळे. युक्तिवाद रेखीव आहे यात शंका नाही. परंतु या मामल्यात दाता आणि ग्रहीता असे दोनच पक्षकार हजर केलेले आहेत. त्या दोहोंमधली जी वाट, तिची जबानी कोणी घेतलेलीच नाही. शेत पावसावर पिकत असेल तर ती घेण्याचे कारणही पडत नाही; पण पाणी पाटाने येत असेल, तर पाटाच्या टोकाला ज्याची जमीन आहे तो शेतकरी, बियाण्याचा विचार करण्यापूर्वी, वरच्या अंगाला काय चालले आहे ते पाहून येतो.

हा तिसरा पक्षकार मला प्रथम नीट दिसला तो एका अगदी अशास्त्रीय जागी, म्हणजे मुंबईतील एका सहकारी गृहरचना संस्थेच्या जिन्यात, जिथे गच्चीवरच्या एकाच छत्रीतून बारा मजल्यांना दूरचित्रवाणी पुरवण्याची तजवीज चालली होती.

विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा उपग्रह जो संदेश खाली सोडतो, तो खरोखरच भाष्यातल्या पावसासारखा आहे. गिरगावातल्या गच्चीवर एक छत्री अधिक लागली म्हणून गोरेगावातल्या छत्रीचा हिस्सा कमी होत नाही. परंतु छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या ग्राहकातून तो संदेश 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून एकदा तारेत घातला, की त्याची अक्षयता संपते आणि हिशेब सुरू होतो. दोन घरांत वाटला तर प्रत्येकाला निम्म्याहून किंचित कमीच मिळतो, कारण वाटणी करणारी डबीही आपली दस्तुरी कापून घेते. तारेचा प्रत्येक मीटर काही ना काही खातो, आणि खातो तोही सर्वांचे सारखे नव्हे: शंभर मीटर तारेत पट्ट्याच्या खालच्या टोकाला सुमारे 20 डेसिबल, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव हिस्से, खर्ची पडतात, तर वरच्या टोकाला 30 डेसिबलांहूनही अधिक. म्हणून खालच्या मजल्यावर काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि त्याच तारेतून आलेल्या दुसऱ्या काही दिसतच नाहीत, असा चमत्कार घडतो.

(या वाटणीची गरजच नव्हती असाही एक काळ होता. 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र सुरू झाले त्यानंतर कित्येक वर्षे चाळीत संच असे तो एखाद्याच बिऱ्हाडात, आणि 1987 साली दर रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा लोक स्नान करून, संचाला हार घालून त्यापुढे बसत. तेव्हा संदेश घरोघर जात नव्हता, माणसेच संदेशाकडे जात होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. दाराबाहेर ताटकळत उभी राहणारी मुलेही त्याच काळातली.)

आता जिन्यातून खाली उतरणाऱ्या एका तारेवर प्रत्येक मजल्याशी एकेक टॅप, म्हणजे तारेतल्या संदेशाचा ठरावीक हिस्सा घरात वळवणारी डबी, बसवायचा आहे. काम न जाणणारा माणूस बाजारातून एकाच मापाचे बारा टॅप आणतो आणि आपण सर्वांना समान न्याय दिला अशा समाधानात घरी जातो. प्रत्यक्षात मजल्यामजल्याला तार आणि टॅप आपापली वजावट करीत जातात, आणि तळमजल्यापर्यंत पोहोचताना दहा-पंधरा डेसिबलांची तूट सहज पडते. जाणता कारागीर याच्या उलट करतो. गच्चीलगतच्या बाराव्या मजल्याला तो असा टॅप लावतो की जो येणाऱ्या संदेशाचा शंभरावा हिस्साच घरात सोडील. खाली येता येता हे बंधन सैल करीत तळाशी तो दहावा किंवा त्याहूनही मोठा हिस्सा देऊन टाकतो. आकाशाला जो सर्वांत जवळ त्याला सर्वांत कमी प्रमाण, आणि जो सर्वांत दूर त्याला सर्वांत जास्त. आणि मापयंत्र लावून पाहावे तर बाराही घरांत आकडा जवळपास एकच येतो. वरच्यावर यात अन्यायही होत नाही, कारण प्रमाणाबाहेर प्रबळ संदेशाने संच गोंधळतो आणि चित्र बिघडते. समता ही मुळात पडलेली नव्हती. ती विषम मापांनी घडवावी लागली.

हे ज्या इमारतीत घडत नाही तेथे जे घडते ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने ऐकण्यासारखे असते. तळमजल्याचा रहिवासी कार्यालयात तक्रार घेऊन जातो, तेव्हा त्याला उत्तर मिळते की वरच्या अकरांना सर्व व्यवस्थित दिसते आहे, तेव्हा तुमच्याच संचात काही कसूर असली पाहिजे. सूत्रभाष्यातला युक्तिवाद इथे शब्दशः अवतरलेला आहे: साधारण कारण निर्दोष, अतएव दोष बीजाचा. गरीब माणूस नवा संच विकत आणतो, म्हणजे एका अर्थी प्रायश्चित्त घेतो. आणि चित्र पूर्वीसारखेच तुटत राहते. या देशात कित्येक पिढ्यांना त्यांचे दैन्य हे पूर्वकर्माचे फळ म्हणून समजावून देण्यात आले, त्यांपैकी किती जणांच्या बाबतीत कोणी जिना उतरून टॅप तपासले होते?

दयाळू माणसाला सुचणारा उपायही येथे फसतो. तळाशी संदेश क्षीण आहे ना, मग तळाशीच अँप्लिफायर बसवा, असे तो म्हणतो. परंतु हे यंत्र संदेश आणि गोंगाट यांत विवेक करीत नाही. दोहोंना सारखेच वाढवते आणि स्वतःच्या गोंगाटाची त्यात भर घालते, त्यामुळे गोंगाटात एकदा बुडालेला संदेश मागाहून कितीही मोठा केला तरी वर येत नाही. त्याला वाढवायचे ते वाटेवरची हानी होण्यापूर्वी. उशिरा केलेल्या उपकाराबद्दल माझा जो संशय आहे त्याला येथे भौतिकशास्त्राचा दुजोरा मिळतो.

आणि मग आषाढ येतो. दाट सरीत उपग्रहाचा संदेश मंदावतो, हे मंदावणे छत्रीपाशीच होत असल्यामुळे बाराही मजल्यांना अगदी सारखे असते. परंतु अंकीय चित्राची एक मर्यादारेषा असते; तिच्या वर ते निर्दोष, खाली ते नाहीच. वरच्या मजल्याच्या गाठीला शिल्लक असल्याने तेथे काही कळतही नाही. एकसारख्या टॅपांच्या इमारतीत अंधारते ते तळाचे घर. भाष्यकारांचा पाऊस येथे शब्दशः सर्वांवर सारखाच पडला, बीज म्हणजे संचही सर्वांचे सारखेच होते, तरी फळ भिन्न आले.

यावर वेदान्ती म्हणेल की दृष्टांत सर्वांगांनी जुळत नसतो. आणि हे स्वतः आचार्यांनीच अन्यत्र सांगितलेले असल्यामुळे मला ते नाकारता येत नाही. शिवाय तो असेही म्हणेल की सर्वकर्त्या ईश्वराच्या सृष्टीत दाता आणि ग्रहीता यांमधली वाटही ईश्वराचीच, तेव्हा दोष वाटेवर टाकून ईश्वर सुटत नाही. हेही मान्य. ईश्वराला निर्दोष ठरवण्याचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. ग्रहीत्याला दोषी ठरवण्याची जी घाई होते तेवढीच मला थांबवायची आहे. वैषम्याच्या त्या सूत्राच्या पुढच्याच सूत्रात, सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते तर पहिले वैषम्य कोठून आले, या आक्षेपाला संसार अनादि आहे असे उत्तर दिलेले आहे. ज्या खतावणीला पहिले पान नाही तिच्यातली चूक कोणता हिशेबनीस दाखवणार? जिन्यातल्या तारेला मात्र आरंभ आहे, कोणत्या मजल्याला कोणता टॅप लावला याचा आराखडा असतो, आणि तो संस्थेच्या दप्तरातून मागवून घेण्याचा तळमजल्याच्या सभासदाला बाराव्या मजल्याइतकाच हक्क आहे.