कसोटीचे मोल कोणी द्यावे?

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम', म्हणजे उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे ज्ञान देणारी पद्धती, पुढे आली. 1945 मध्ये सेवाग्राम येथे तिची कक्षा विस्तारून प्रौढशिक्षणही तिच्यात समाविष्ट झाले. स्वावलंबन, म्हणजे शिक्षणाचा चालू खर्च शिकणाऱ्यांच्या श्रमातून निघणे, ही गांधीजींच्या मते तिच्या खरेपणाची कसोटी होती. ती कामातच अंतर्भूत असल्याने तिच्यासाठी वेगळे शुल्क लागत नव्हते. आज 'नॅक'सारखी, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेसारखी, यंत्रणा महाविद्यालयांचे मूल्यांकन शुल्क घेऊन करते. हाच न्याय स्वयंसेवी प्रौढशिक्षण संस्थांना लावावा काय, हा प्रश्न अर्थव्यवहारापुरता न राहता धर्माचा, म्हणजे कर्तव्यविवेकाचा, ठरतो. परीक्षणाविना सेवा प्रमादशील होऊ शकते, हे खरे. परंतु विद्यादानाला निष्काम कर्म, म्हणजे फलाची आसक्ती नसलेले कर्म, मानले, तर दात्याकडूनच दानाच्या परीक्षणाचे मोल घेणे विसंगत ठरते. शिवाय सरसकट शुल्काने गुणवत्तेऐवजी ऐपतच मोजली जाते. म्हणून परीक्षण अनिवार्य असावे, त्याचा भार मात्र लाभार्थी समाजाने उचलावा, हाच निष्कर्ष न्याय्य होय.